तटाच्या दरजांसाठी कोणता चुना घ्यावा? बाजारातल्या पाच मालांची पारख

आधी निकाल, मग कारणं.

किल्ल्याचा तट, गढी किंवा गावची वेस यांच्या दगडी भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला आज बाजारात पाच तऱ्हेचा माल मिळतो: भट्टीवरचा कळीचा चुना, हायड्रेटेड चुन्याची पिशवी, पिंपात येणारा मुरवलेला चुना, युरोपातून येणारा एनएचएल (ओलीतही घट्ट होणारा नैसर्गिक चुना) आणि नुसतं पाणी घालून वापरायचा ‘तयार चुना मसाला’. आमची पहिली पसंती मुरवलेल्या चुन्याला. कळी आणून आपणच विरी घातली, म्हणजे ती पाण्यात विरवली, तर पैसेही वाचतात आणि मालाची खात्रीही राहते. पिशवी चालते, पण ती भिजवायला हवी. एनएचएल समुद्राच्या माऱ्याखालच्या पट्ट्यापुरता राखून ठेवावा. तयार मसाला तपासल्याशिवाय आत घेऊ नये. आणि सिमेंट, पांढरं असो की करडं, चिमूटभरसुद्धा नको.

खरेदीआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित असलेल्या किल्ल्यावर चुन्याची एक थापी मारायलाही संबंधित पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, आणि काम त्यांच्या देखरेखीखालीच होतं. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामबंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून गावोगावी दुरुस्तीचा उत्साह वाढला आहे. हा उत्साह मोलाचा आहे, म्हणूनच तो चुकीच्या पिशवीवर खर्च होऊ नये. पुढचं सारं लिखाण खात्याच्या परवानगीने काम करणाऱ्या मंडळांसाठी आणि ज्यांच्या मालकीची गढी किंवा वाड्याचा तट आहे त्यांच्यासाठी आहे.

भिंत आत कशी असते

तट दिसतो एकसंध, पण असतो तीन पदरी. बाहेर घडीव चिऱ्यांचा एक पदर, आत दुसरा, आणि मधल्या जागेत दगडगोटे, माती आणि चुना यांची भरती. वर चालायला फांजी, तिच्या बाहेरच्या कडेला जंग्या (मारा करायची छिद्रं) आणि चर्या (कंगोरे). पाऊस फांजीवर पडतो. तिथला कोबा फुटला असेल तर पाणी भरतीत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या दरजांतून हळूहळू बाहेर येतं. चुन्याची दरज त्याला वाट देते. सिमेंटची देत नाही. मग तेच पाणी दगडातून वाट काढतं, सोबत क्षार आणतं, ते क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साकळतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आत अडकलेल्या पाण्याने भरती जड होते, बाहेर रेटते, आणि काही पावसाळ्यांनी तटाचं पोट सुटतं.

बोलण्यात आपण तटबंदीला अभेद्य म्हणतो. निवडणुकीच्या बातम्यांत बालेकिल्ल्याला खिंडार पडतं, बुरूज ढासळतात, कुणीतरी कुणाची तटबंदी भेदतं. या सगळ्या प्रयोगांत भिंत जितकी बंद तितकी बळकट असं गृहीत धरलेलं असतं, आणि हाच समज दुरुस्तीला आलेला माणूस नकळत तटावर घेऊन येतो. सह्याद्रीच्या पावसात मात्र पाणी बाहेर सोडणारा तटच उभा राहतो. १८१८ च्या युद्धात तोफांनी पाडलेली खिंडारं वेगळी. आज नव्याने पडणारी खिंडारं पडतात ती आत कोंडलेल्या पाण्याने आणि पिंपळ-उंबराच्या मुळांनी. म्हणून चुन्याची पारख करताना पहिला प्रश्न ‘किती कडक होतो?’ हा नसावा. ‘दगडापेक्षा मऊ राहतो का आणि पाणी सोडतो का?’ हा असावा.

यावर कुणी मुरूडजवळच्या पद्मदुर्गाचं उदाहरण देईल. तिथे खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून खोलगट झाले आहेत आणि दगडांमधला चुना मात्र जाळीसारखा पुढे उभा आहे. त्या चुन्याच्या कारागिरांना नमस्कारच केला पाहिजे. पण आज दुरुस्ती करणाऱ्याने ती भिंत नीट वाचावी: तिथे गेलाय तो दगड. झिजलेली दरज खरवडून पुन्हा भरता येते, झिजलेला चिरा पुन्हा आणता येत नाही. तेव्हा नवा मसाला जुन्या दगडाच्या आणि जुन्या चुन्याच्याही बळापेक्षा खालीच ठेवावा. काही गेलंच तर दरज जावी.

ज्या तटाला चुना लागतच नाही

पाच मालांकडे वळण्याआधी हा भाग, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. सह्याद्रीतल्या पुष्कळ तटांत चुना नाहीच. चिरा चिऱ्यावर नेमका बसवलेला, मागे लांब शेपटीचे दगड भरतीत घुसवलेले, फटींत चिपा ठोकलेल्या. अशा सुक्या रचाईच्या दरजा भरणं म्हणजे पाण्याची प्रत्येक वाट बंद करणं. भिंत सुकी आहे की चुन्याची हे ओळखायला तीन-चार ठिकाणी, शक्यतो पावसापासून आडोसा असलेल्या जागी, दरजेत पातळ सळई घालावी. दहा-पंधरा सेंटिमीटर आत गेल्यावरही चुन्याची पांढरी भुकटी टोकाला लागली नाही, फक्त माती किंवा पोकळी लागली, तर ती भिंत सुकी समजावी. तिथे सुटलेली चीप परत ठोकून बसवायची, बस्स.

पांढऱ्या मातीच्या गढ्यांचंही तसंच. खाली दगडी जोतं आणि वर मातीची भिंत असेल तर चुना फक्त जोत्यापुरता. मातीवर जाड चुन्याचा गिलावा धरत नाही; माती ओल शोषून फुगते, सुकून आकसते, आणि गिलावा पत्र्यासारखा सुटून येतो. मातीला मातीचाच लेप हवा.

कळीचा चुना

चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कर्बवायू निघून जातो आणि कळी उरते. कटनीचा आणि राजस्थानातला माल महाराष्ट्रात सर्रास मिळतो. कोकणात आणि गोव्यात पूर्वी शिंपल्या भाजूनही चुना करत. कळी घेताना ढेकळं हलकी, कोरडी आणि टणक हवीत. गोणीच्या तळाशी भुकटी जमली असेल तर त्या मालाने हवेतली ओल खाल्ली आहे. जड ढेकूळ म्हणजे आत न भाजलेला दगड. भट्टीवरच परीक्षा घ्यावी: लोखंडी बादलीत पाणी घेऊन मूठभर ढेकूळ टाकावं. चांगली कळी काही मिनिटांत सळसळायला लागते, पाणी उकळतं आणि ढेकूळ फुटून लगदा होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी तळाशी दगडी गाभा हाताला लागला, तर त्या भट्टीला नमस्कार करून पुढे जावं.

विरी घालताना नियम एकच, पण तो मोडायचा नाही: आधी पाणी, मग त्यात कळी. उलट केलं, म्हणजे कळीच्या ढिगावर थोडं थोडं पाणी शिंपडलं, तर आतली वाफ उसळून चुना अंगावर उडतो. एक किलो कळीला रासायनिक गरज जेमतेम ३२० मिलिलिटर पाण्याची असते, पण उष्णतेने बरंच पाणी उडून जातं आणि आपल्याला लोण्यासारखा चुना हवा असतो, म्हणून किलोमागे अडीच ते तीन लिटर धरावं. हौद विटांचा किंवा जाड लोखंडी पिंप. पातळ प्लास्टिकची टाकी या उष्णतेने वितळते. लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहावं. डोळ्यांना बंद चष्मा, हाताला रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्या. चुना डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. म्हणून हौदाशेजारी स्वच्छ पाण्याचं वेगळं पिंप भरून ठेवल्याशिवाय काम सुरूच करू नये.

निवलेला चुना दोन-तीन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून दुसऱ्या हौदात ओतावा आणि वर चार बोटं पाणी कायम ठेवावं. हे पाणी हवेला चुन्यापासून लांब ठेवतं. तीन आठवड्यांच्या आत वापरलेल्या चुन्यात विरी न गेलेले कण राहतात. ते दरजेत बसल्यावर महिनाभराने फुगतात आणि पृष्ठभागावर फोडासारखे खड्डे पडतात. तीन आठवडे ही कमीत कमी मुदत, तीन महिने उत्तम.

चांगल्या १०० किलो कळीतून साधारण १८० ते २०० लिटर मुरवलेला चुना निघतो. पैशाच्या हिशेबात याच्या जवळपास कोणताही माल येत नाही. मात्र कळी डोक्यावरून गडावर न्यायची नाही. घामाने किंवा अवकाळी पावसाने गोणी ओली झाली तर वाहणारा माणूस भाजेल. विरी पायथ्याला घालावी आणि मुरलेला चुना वर न्यावा.

हायड्रेटेड चुन्याची पिशवी

हा कारखान्यात मोजकं पाणी देऊन विरी घातलेला कोरडा चुना. सर्वांत सोयीचा, आणि सर्वांत जास्त फसवणारा. दुकानदार पांढरेपणा दाखवतो. त्याचा इथे काही उपयोग नाही. संगमरवराची भुकटीही पांढरी असते. पिशवीवर तीन गोष्टी शोधाव्यात: आयएस ७१२ या भारतीय मानकाचा उल्लेख, वर्ग आणि उत्पादनाचा महिना. या मानकात ‘क’ वर्ग म्हणजे शुद्ध, हवेने घट्ट होणारा चुना. इंग्रजी अक्षरात तो ‘सी’ छापलेला असतो. ‘ए’ आणि ‘बी’ पाण्यातही घट्ट होणारे, ‘डी’ मॅग्नेशियमवाला, ‘ई’ कंकराचा. आपल्याला ‘सी’ हवा. शेतीसाठीचा चुना, डोलोमाइट किंवा नीळ-डिंक मिसळलेला रंगकामाचा चुना दरजेत घालू नये.

घरी करता येणारी एक परीक्षा कारखान्याच्या दाखल्याइतकीच कामाची आहे. काचेच्या पेल्यात १०० मिलिलिटर साधं व्हिनेगर घ्यावं आणि अर्धा लहान चमचा चुना टाकून ढवळावं. ताजा चुना जवळजवळ फेस न येता विरघळतो. जोरात फसफसला तर त्यात कार्बोनेट आहे: एकतर पिशवी जुनी होऊन हवा खाल्लेली, नाहीतर चुनखडीची भुकटी मिसळलेली. दोन्ही परिस्थितींत तो माल दगडाची पूड आहे, बांधणारा चुना उरलेला नाही. उत्पादनाला तीन महिन्यांहून जास्त झाले असतील तर ही परीक्षा प्रत्येक पिशवीची करावी.

पिशवी फोडून थेट वाळूत मिसळणं ही नेहमीची चूक. अशा मसाल्याला चिकटपणा येत नाही, गवंडी मग वर पाणी घालतो, आणि जास्तीच्या पाण्याने दरज आकसून दगडापासून सुटते. पिशवीतला चुना पाण्यात हळूहळू सोडून किमान २४ तास, जमलं तर आठवडाभर भिजत ठेवावा. २५ किलोच्या पिशवीतून अंदाजे ३५ ते ४० लिटर चुना तयार होतो. कळीपासून मुरवलेल्या चुन्याचा लवचिकपणा याला पुरता येत नाही, पण उंच गडांसाठी याचा एक खरा फायदा आहे: कोरडा माल वर न्यायचा आणि पाणी वर घालायचं. अर्थात वर गोड पाण्याचं टाकं असेल आणि ते वापरायची परवानगी असेल तरच.

मुरवलेला तयार चुना

वारसा-दुरुस्तीचं सामान पुरवणाऱ्यांकडे हा पिंपात मिळतो. किंमत कळीपेक्षा बरीच जास्त, पण हौद, महिने आणि भाजण्याचा धोका वाचतो. पारख वजनाने करावी. एक लिटरचं माप काठोकाठ, हवा न राहील असं भरून वजन घ्यावं. १.३५ किलोच्या आसपास भरला तर माल योग्य. १.३ च्या खाली आला तर आपण पाण्याचे पैसे देतो आहोत. १.४५ च्या वर गेला तर आत वाळू किंवा न विरलेले कण असण्याचा संशय घ्यावा आणि चिमूटभर बोटांत चोळून पाहावा. कण लागता कामा नये. करणीवर घेऊन उलटी केली तर चांगला चुना चिकटून राहतो. पिंपात वरती पाण्याचा थर असायलाच हवा. तो नसेल आणि वर कडक खपली आली असेल तर झाकण नीट बसलेलं नव्हतं. खपली काढून टाकायची, आत ढवळायची नाही.

दर लिटरचा दर विचारताना भाडंही विचारावं. निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि तेवढ्याच पाण्याचं भाडं लांबच्या पुरवठादाराकडून मागवताना मालाच्या किमतीला गाठतं. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारी करणारा असेल तरच हा व्यवहार पटतो. नसेल तर कळी.

एनएचएल

नैसर्गिकरीत्या मातीचा अंश असलेली चुनखडी भाजून हा करतात, त्यामुळे तो हवेशिवाय, ओलीतही घट्ट होतो. युरोपीय मानकात २, ३.५ आणि ५ असे प्रकार आहेत. आकडा म्हणजे २८ दिवसांनंतरचं किमान बळ, मेगापास्कलमध्ये. इथे खरेदीदार हमखास चुकतो, कारण याच मानकात ३.५ ची वरची मर्यादा १० आहे आणि ५ ची १५. म्हणजे मऊ समजून घेतलेली ३.५ ची पिशवी प्रत्यक्षात तिप्पट कडक निघू शकते. म्हणून पुरवठादाराकडून त्या खेपेचा चाचणी अहवाल मागावा. साध्या तटावर वापरलाच तर २ पुरतो. भरतीच्या रेषेवर आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यात ३.५. पाचचा आकडा तटासाठी आमच्या मते नकोच.

हा मुरवायचा नसतो. पाणी घातल्यापासून घट्ट व्हायला लागतो, म्हणून दोन-तीन तासांत संपेल इतकाच कालवावा आणि उरलेला पाणी घालून पुन्हा उठवू नये. पिशवीने ओल खाल्ली की गुठळ्या होतात आणि माल फुकट जातो. कोकणात पावसाळाभर साठवायचा विचारही करू नये. माल उत्तम आहे यात शंका नाही. पण तो महाग आहे, आणि आपल्याकडे त्याचं बरंचसं काम सुरखी करते.

सुरखी म्हणजे कमी आचेवर भाजलेल्या विटांची पूड. चुन्याशी तिची प्रक्रिया होऊन मसाल्याला ओलीतही घट्ट व्हायचा गुण येतो. वीट काळपट, खणखणीत वाजणारी नको. तिच्यातली माती जास्त भाजून निष्क्रिय झालेली असते. फिकट, सहज फुटणारी वीट कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळावी. खरं काम त्यातली बारीक पूड करते. सिमेंट किंवा रंग लागलेल्या पाडकामाच्या विटा घेऊ नयेत. टाक्याजवळ, दरवाज्याच्या कमानीखाली, सतत ओल्या राहणाऱ्या उत्तरेकडच्या अंगाला एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू हे प्रमाण चांगलं बसतं.

तयार चुना मसाला

यातल्या काही पिशव्यांत खरोखर चुनाच असतो, काहींत पांढरं सिमेंट. पिशवीवर ‘वारसा’, ‘पारंपरिक’ असे शब्द असतात. घटकांची यादी नसते. विक्रेत्याशी वाद घालत बसू नये. पाणी घालून लिंबाएवढा गोळा करावा, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावा आणि दुसऱ्या दिवशी उघडावा. शुद्ध चुना हवेशिवाय घट्ट होत नाही, गोळा बोटाने दाबला जातो. सिमेंट असेल तर तो दगड झालेला असतो. एनएचएलही घट्ट होतो, पण सावकाश; एका रात्रीत नखही न शिरणारा गोळा झाला तर ती खेप परत करावी.

वाळू, प्रमाण आणि किती लागेल

चुना कितीही चांगला घेतला तरी वाळूने तो बिघडतो. धुतलेली, धारदार, जाड-बारीक मिसळीची वाळू हवी. सर्वांत मोठा कण दरजेच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ दगडात उतरतं. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड घेत असाल तर भुकटी धुऊन काढावी. नाहीतर दरजेला बारीक तडे जातात. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून तीन तास ठेवावी. वरचा गाळाचा थर वाळूच्या ८ टक्क्यांहून जाड दिसला तर पुन्हा धुवावी.

एकाला तीन हे प्रमाण कुठून येतं ते एका मापाने कळतं. एक लिटर कोरड्या वाळूत ती पृष्ठभागापर्यंत भिजेल इतकं पाणी ओता. साधारण ३३० मिलिलिटर मावतं. तेवढ्या पोकळ्या चुन्याने भरायच्या, म्हणून एक भाग चुना, तीन भाग वाळू. तुमच्या वाळूत ४०० मावलं तर प्रमाण एकाला अडीच होईल. पाणी वेगळं घालायची गरज पडत नाही, पडलीच तर अगदी थोडी. चुना मळायच्या घाण्यात किंवा उखळीत कुटून मिसळलेला मसाला फावड्याने कालवलेल्यापेक्षा कितीतरी सरस असतो. सिमेंटच्या फिरत्या मिक्सरमध्ये त्याचे गोळे होतात.

गूळ आणि हिरड्याच्या पाण्याबद्दल फार विचारलं जातं. थोड्या गुळाने मसाला मऊ होतो आणि हाताला चांगला लागतो. जास्त झाला तर घट्ट व्हायला वेळ लागतो, मुंग्या येतात, बुरशी धरते. वाईट चुना गुळाने सुधारत नाही.

आता हिशेब. चिरे साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरचे, दरज २० मिलिमीटर रुंद, भराई ४० मिलिमीटर खोल. एका चौरस मीटरात साडेपाच मीटर लांबीची दरज येते, म्हणजे साडेचार लिटर मसाला. सांडलवंड धरून सहा. १०० चौरस मीटर तटाला ६०० लिटर मसाला, त्यासाठी ६०० लिटर वाळू आणि २०० लिटर चुना. वाळूच्या पोकळ्यांत चुना बसतो, त्यामुळे मसाला वाळूइतकाच भरतो; चार वाट्या घालून चार वाट्या मिळतील असं धरू नये. २०० लिटर मुरवलेला चुना म्हणजे २७० किलो वजन डोक्यावरून न्यायचं. तेवढंच काम २५ किलोच्या सहा कोरड्या पिशव्यांत होतं. वाळू दोन्हींकडे जवळपास टनभर.

भरताना काय बिघडतं

सुरुवात नेहमी फांजीवरून. वरचा कोबा फुटका ठेवून खाली दरजा भरणं म्हणजे पैसे वाया. कोब्याचे तडे, बुजलेल्या पन्हळी, चर्यांच्या मागचे खळगे आधी नीट करावेत. पिंपळाचं रोप उपटू नये, चिरे सैल होतात. बुंधा कापून छेदाला मूळ मारणारं औषध लावावं आणि मूळ सुकल्यावरच ती दरज भरावी. पोट सुटलेल्या भागाला हात लावू नये. ओळंब्यात नसलेली, पोकळ वाजणारी भिंत हे अभियंत्याचं काम आहे, आणि त्या जागी दरजा भरल्या तर बिघाड झाकला जातो.

मोकळा झालेला मसाला हाताच्या छिन्नीने रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिलिमीटर खोल काढावा. ग्राइंडर लावला की चिऱ्याच्या कडा कापल्या जातात. जुनी सिमेंटची दरज दगडाला इतकी धरून असेल की काढताना कड तुटते, तर ती तशीच राहू द्यावी. धूळ झाडून आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी तासभर पाणी मारावं; दगड ओलसर हवा, त्यावर पाणी चमकता कामा नये. कोरडा दगड मसाल्यातलं पाणी ओढतो आणि दरज भुसभुशीत राहते. २० मिलिमीटरहून जाड थर एकदम देऊ नये. रुंद फटीत दगडाच्या चिपा दाबून मसाला कमी करावा. दरज चिऱ्याच्या कडेपासून किंचित आत ठेवावी, चिऱ्यावर पसरवू नये. अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतकी घट्ट झाली की ताठ ब्रशने ठोकावी. साय निघून जाते आणि छिद्रं उघडतात.

मग गोणपाट. चुना हवेतला कर्बवायू घेऊन दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. ओलं गोणपाट भिंतीपासून जरासं सुटं लटकवून किमान आठवडा, उन्हाच्या बाजूला दोन-तीन आठवडे, दिवसातून दोनदा भिजवत ठेवावं. बहुतेक फसलेल्या कामांत माल वाईट नव्हता. मंडळी शनिवार-रविवारी दरजा भरून गेली आणि सोमवारी पाणी मारायला गडावर कुणी नव्हतं. रोजचा एक माणूस ठरला नसेल तर चुना मागवू नये.

कामाचा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात दरज पोळते, आणि पावसाआधी दोन महिने तरी मिळाले नाहीत तर वरचा थर धुऊन जातो. म्हणून कळी पावसाळ्याच्या आरंभीच आणावी आणि साठवून न ठेवता लगेच विरी घालावी. दिवाळीनंतर हौद उघडेपर्यंत तीन महिने पुरे झालेले असतात. हंगामाच्या शेवटी उरलेला चुना त्याच हौदात, वर पाणी ठेवून झाकावा. पाणी आटू दिलं नाही तर पुढच्या वर्षी तो आणखी चांगला निघतो.